म्हशीच्या बातमीची वहिवाट

…आणि दौत उजवीकडे सरकवली, कारण डावीकडून शेळी पुन्हा आली. पहिला कागद तिने माझ्या नावापर्यंत खाल्ला. आता साक्षीला आलेल्या धुळाजीने तिला खुंट्याला बांधले आहे. हा दुसरा कागद.

मी, त्रिंबक वल्द म्हाळू, वय सहासष्ट, राहणार मौजे पिंपळखोरी, धारूरच्या घाटाखाली, जिल्हा बीड, निजाम सरकारचा मुलूख, पूर्वी सोलापुरास छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, हे माझ्या हाताने लिहितो. कफ छातीत आहे, डोक्यात नाही. शुद्धीवर असल्याची खूण म्हणून नमूद करतो की आज गुरुवार आहे, आणि धुळाजीच्या कमरेला तंबाखूची पिशवी असून तो 'संपली' म्हणतो. मला कोणी धमकावलेले नाही. कोणी गोडही बोललेले नाही.

एक. हा कागद माझ्या तेराव्याच्या दुपारी श्री. उत्तरेश्वरराव देशमुख यांच्या ओट्यावर वाचावा. त्यांच्या पत्नी केसरबाई यांनी वाचावा. दाराआडून नव्हे, तक्क्याशेजारी बसून, मोठ्याने. दुसऱ्या कोणी वाचल्यास कागद कोरा समजावा.

देशमुख म्हणतील, बाईला कुठे वाचता येते? तोवर केसरबाईंनी हे वाक्य वाचलेले असेल.

दोन. राहते घर, खण दोन, माझा धारूरचा पुतण्या गहिनीनाथ यास. दारातला लिंब तोडू नये. रोकड नाही. चुलीखाली खणू नये. मी खणून पाहिले आहे. याच गहिनीनाथाने चार वर्षांमागे भर ओट्यावर म्हटले होते, "काका, म्हशीसाठी आगगाडी मागं जात न्हाई." ते वाक्य मी विसरलेलो नाही. तरी घर देतो, कारण ते खरे होते.

तीन. शेळी धुळाजीची बायको चतुराबाई हिला. धुळाजी साक्षीदार असल्यामुळे त्याला काही देता येत नाही. शेळी कोणाची हे त्या दोघांनी ठरवावे; न जमल्यास शेळी ठरवील. दुसरा साक्षीदार शहादेव सुतार. त्यालाही काही नाही. त्याने माझा रंधा आधीच नेला आहे.

चार. आता ज्यासाठी कागद केला ते.

वीस वर्षे दर शुक्रवारी पुण्याचे साप्ताहिक टपालाने येते आणि मी ते देशमुखांना वाचून दाखवतो. देशमुखांना सहीपुरते अक्षर येते. पहिल्या शुक्रवारी मी छापलेले तेच वाचले. कोठे मुलींची शाळा निघाली होती, कोठे विधवेचे लग्न लागले होते, कोठे नवा कर बसला होता. देशमुखांनी ताट सारले. मला म्हणाले, "ह्यात बरं काहीच न्हाई का बे?"

"बरं म्हणजे कसं, मालक?"

"जुनं टिकलं, नवं पडलं. असलं कायतरी हुडक. न्हाई सापडलं तर पुढल्या शुक्रवारी येऊ नको."

मी चार पाने दोनदा चाळली. औषधांच्या जाहिरातीही वाचल्या. जुने कोठेच टिकले नव्हते. छापखान्यात मी एक गोष्ट शिकलो होतो: पानात जागा उरली की मजकूर लागतो, आणि तो जुळवणाऱ्याच्या हाताशी असतो. मी वाचले की घाटावरच्या एका स्टेशनाजवळ एका जुन्या घराण्याची म्हैस रुळावर उभी राहिली. शिट्टी झाली. साहेब उतरला. म्हैस हलली नाही. शेवटी आगगाडी मागे गेली.

देशमुखांनी ताट पुढे ओढले. "पुन्हा वाच," म्हणाले. पुन्हा वाचताना मी तिला एक शिंग वाकडे दिले.

देशमुख आता उठले असतील. वहिनी, थांबा. त्यांना बसू द्या. ओढ्याकाठच्या पट्टीचे पुढे आहे.

म्हशीला मी वीस वर्षे जगवले. तीनदा व्यायला लावले. तिच्यामुळे एका कलेक्टराची बदली झाली. ती घरी पोचेपर्यंत सायकलवाले खाली उतरून उभे राहत. दर शुक्रवारी वाचून झाले की देशमुख विचारत, "म्हशीची काय खबर?" आणि गाव थांबे.

मी नुसता करमणुकीसाठी खोटा बोललो नाही. देवी टोचणारा आला तेव्हा देशमुखांनी त्याला वेशीवरून परत लावले. पुढच्या शुक्रवारी मी वाचले की म्हशीच्या मालकाने तलवारीच्या टोकाने दंडावर डाग देण्याची पूर्वजांची चाल पुन्हा सुरू केली असून त्या घरात देवी येत नाहीत. देशमुखांनी टोचणाऱ्यामागे घोडे पाठवले. लोखंडी नांगराचे तसेच झाले. तो मी बातमीत दूरच्या एका किल्ल्याच्या तळघरात पुरला आणि मग पूर्वजांचा म्हणून उकरून काढला. देशमुख, तुमची नातवंडे जगली आणि काळे रान उलटले, ते म्हशीमुळे. रागवायचे तर तिच्यावर रागवा.

पाच. केसरबाई यांना अक्षर कसे आले.

सात वर्षांमागे ओढ्यांना पूर आल्याने टपाल चुकले. मी मागल्या शुक्रवारचाच कागद उघडून नवीन बातमी वाचली. वाचून निघालो तर केसरबाई परसदारी उभ्या.

"त्रिंबकभाऊ, कागदावरचा हळदीचा डाग मागल्या आठवड्याचा हाय. माझ्याच बोटाचा. मग म्हैस ह्या आठवड्याची कशी?"

मी म्हणालो, "वहिनी, कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगत. मला अक्षरं शिकवा."

"मालकांना कळलं तर?"

"तुमची म्हैस कळंल, माझी अक्षरं कळतील. बुडलो तर संगट बुडू."

तोवर तेरा वर्षे ज्यांनी कागद ऐकला त्यांत एकाही पुरुषाने कागदाकडे पाहिले नव्हते.

माझ्याकडे जाहिरातीचे मोठे लाकडी खिळे होते. खिळ्यावर अक्षर उलटे असते. पिठात दाबले की सुलटे उमटते. मी रोज दोन खिळे सुपाखाली ठेवून येई. केसरबाई ते भाकरीच्या पिठात दाबत, ओळखत, थापत. देशमुख, सगळी बाराखडी तुम्ही पिठल्यासोबत खाल्ली आहे. 'ज्ञ' च्या दिवशी तुम्ही एक भाकरी जास्त मागितली होती.

तुमचे म्हणणे मला पाठ आहे: बाईच्या हाती कागद आला की घरातले दूध नासते. सात वर्षे झाली. वहिनी, वाचणे थांबवा आणि मालकांना विचारा, दूध कितीदा नासले. उत्तर ऐकून मग पुढे वाचा.

सहा. माझे लाकडी खिळे, चष्मा, आणि कागद वाचण्याची माझी जागा केसरबाई यांना देतो. ओटा माझा नाही, हे मला ठाऊक आहे. पण वीस वर्षांची वहिवाट माझी आहे आणि ती मी कोणालाही देऊ शकतो असे मी समजतो. केसरबाई वीस वर्षे दाराआड उभ्या राहून ऐकत आल्या. त्यांनी मला एकदा विचारले होते, "भाऊ, ओट्यावरून रस्ता कुठवर दिसतो?" मी मारुतीपर्यंत म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं धारूरपतोर दिसत आसंल." त्यांनी एकदा बसून पाहावे.

देशमुख म्हणतील, ही नवी चाल. नवी नाही. गेल्या शुक्रवारी मी वाचले की म्हशीच्या मालकाची नजर मंदावली असून त्याची पत्नी त्याला ओट्यावर बसून कागद वाचून दाखवते, आणि ही त्या घराण्याची सात पिढ्यांची रीत आहे. देशमुख, तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "घराणं असावं तर आसं." सहा माणसे हजर होती. शहादेव त्यांत होता; त्याला विचारा. रंध्याचेही विचारा.

सात. ओढ्याकाठची अकरा गुंठे पट्टी, आंब्याच्या झाडासह. ही देशमुख दर अक्षय्यतृतीयेला मागतात आणि मी दर अक्षय्यतृतीयेला नाही म्हणतो. त्यांचे म्हणणे, ती त्यांच्या आज्याची. माझे म्हणणे, आंबा माझ्या आईने लावला. दोन्ही खरे असेल. पट्टी देशमुखांना देतो. अट एकच: केसरबाई दर शुक्रवारी ओट्यावर बसून कागद वाचतील. एक शुक्रवार जरी त्या दाराआड गेल्या, तर पट्टी गहिनीनाथाची. तो आंबा तोडून तेथे चहाचे दुकान घालणार आहे. मला त्याने तसे सांगितलेले नाही, पण घालील.

आठ. केसरबाईंनी काय वाचावे हे मी सांगत नाही. छापलेले वाचावे की नाही, हा वाचणाऱ्याचा हक्क आहे. फक्त म्हैस मारू नये. शेवटी मी तिला नदीच्या अलीकडे सोडले आहे.

माझ्यामागे रडण्यास कोणी नाही, तरी कोणी रडलेच तर हरकत नाही. माझे दिवस ओढ्याकाठी, पश्चिमेच्या अंगाने करावे.

वरील मजकूर मी लिहून धुळाजी व शहादेव यांना वाचून दाखवला. चौथ्या कलमापाशी धुळाजी उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. परत आल्यावर म्हणाला, "म्हंजी सायकलवाले उतरत न्हवते?" मी नाही म्हणालो. त्याने अंगठा केला, पण आधी तंबाखू काढून मला दिली.

सही: त्रिंबक वल्द म्हाळू
साक्ष: निशाणी अंगठा, धुळाजी
साक्ष: शहादेव सुतार, दस्तुर खुद्द (रंधा देतो)
मुक्काम पिंपळखोरी, पौष वद्य षष्ठी, शके १८४३, फसली सन १३३१

कागदाच्या पाठीवर, दुसऱ्या हस्ताक्षरात:

त्रिंबकभाऊ शनिवारी गेले. तेराव्या दिवशी दुपारी मी हा कागद ओट्यावर बसून वाचला. म्हशीचे आले तेथे मालक उठले. पट्टीचे आले तेथे बसले. दुधाचे विचारले तेव्हा "पुढं वाच" म्हणाले. वाचून झाल्यावर आत गेले, संध्याकाळी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी टपाल आले. ओट्यावर माझ्यासाठी घोंगडी टाकलेली होती. कोणी टाकली ते मी विचारले नाही. मी छापलेले सर्व वाचले, करासकट. मालकांनी ऐकले. मग मारुतीकडे पाहत म्हणाले, "म्हशीची काय खबर?" मी पान उलटले आणि सांगितले की नदी उतरून ती पलीकडे गेली, आणि गाभण आहे.