मोत्याचे कोरडे पाय

रविवार, संध्याकाळ

आज मोत्याला मारलं. आमच्या पेठेचा फुटबॉल संघ पेनल्टीवर हरला. मोबाइल आपटून परसात गेलो, तर शेवंतीची रोपं चिखलात आडवी, शेजारी हे कुत्रं शेपूट हलवत उभं. चप्पल काढून फेकली, ती बरगडीत बसली. केवढ्यानं केकाटला!

बायको दारात आली. "अवो, त्येचं पाय बघा की! कोरडं हायत."

कोरडेच होते. मॅच लागली तेव्हा मीच पाइप वाफ्यात टाकून आत पळालो होतो. नळाचं पाणी जाईपर्यंत पाइप वाहत राहिला. तरी बायकोला म्हणालो, "मग मांजर असंल." कुत्र्यापुढंही खोटं?

आत्ता मोत्या चप्पल तोंडात धरून आला, माझ्या पायाशी ठेवून बसला. ती चिखलातून आणताना त्याचे पाय भरलेत.