पळसाच्या पानावरची

पळसटोला,
१४ डिसेंबर २०२४

चि. निकेश यास,

रंभाबाईचे आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिते, मनातून निघत नाहीत. पुनम आणि तुमची लेक रोशनी बऱ्या असतील. इकडे धान कापून झालं, चुरणं बाकी आहे. म्हातारी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली.

तीन दिवस तुझे फोन येत आहेत आणि मी उचलत नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, लहानपणापासून हेच चालत आलंय. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

तुझ्या चिमूरच्या नव्या दुकानाचा बोर्ड माझ्या पोरानं, गोपालनं मोबाईलवर दाखवला. 'रंभाबाईची तलावाची मासोळी.' वर माझा फोटो, डोक्यावर टोपली. फोटो आपल्या रंजीताच्या लग्नातला आहे, मी लुगड्यावरून ओळखला. लग्नात मी टोपली घेऊन गेले नव्हते, ती तू वरून चिकटवलीस. बहिणीला एका शब्दानं विचारलं नाहीस.

तू म्हणतोस, बाजार बदलला. मला डोळे नाहीत का? तेहेतीस वर्षं त्याच जागी बसते, आधी आईशेजारी, मग एकटी. आता पहाटे आंध्राच्या मासोळीच्या गाड्या येतात आणि बर्फाचे डबे उतरतात. बुरडाच्या टोपल्या जाऊन प्लास्टिकचे टब आले. आपला तलाव जलपर्णीनं भरला, जाळं ओढलं की पाला वर येतो, आणि मासेमारी सोसायटीची अर्धी माणसं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. पूर्वी खेड्यातला माल चिमूरला जायचा, त्यावर तिथली दुकानं उभी राहिली. आता भाजीसुद्धा चिमूरहून गावात येते. हे काही तू केलं नाहीस. तू फक्त संधी साधलीस.

पोळ्याच्या सुमारास तू बर्फातली मासोळी आणून माझ्या टोपलीत ओतलीस. "बाई, लोक मासोळी घेत नाईत, तुले घेतेत. तू नुसती बसून राह्य, काई सांगू नको." मी बसले. घरात दुसरं काही येत नव्हतं.

आईची रीत तू विसरलास की मुद्दाम विसरलास, तुझं तुला ठाऊक. आदल्या दिवशी धरलेली मासोळी ती टोपलीबाहेर काढून पळसाच्या पानावर मांडायची. पानावरची म्हणजे कालची, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. म्हणून आपल्या टोपलीतल्या मासोळीचा कल्ला कुणी ताजेपणा तपासायला उचलून बघितला नाही. तू बोर्डावर जे विकायला काढलंस ते आईचं आहे, तुझं नाही.

शाळेमागची रुखमाबाई तुला आठवत असेल, आईच्या वेळची गिऱ्हाईक. दिवाळीआधी तिची लेक दिव्यानी बाळंतपणाला माहेरी आली होती. रुखमाबाई तिच्यासाठी मासोळी न्यायला आली आणि म्हणाली, "तलावाचीच ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दिव्यानीला उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस ती दवाखान्यात सलाईनवर होती, आणि लेकरू घरी बाटलीच्या दुधावर.

पुढच्या बाजारी मला हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. रुखमाबाई येताना दिसली तेव्हा मी शिव्या खायला तयार बसले होते. तर ती म्हणते, "सगळे म्हणतेत, मासोळीनं झालं. म्या सांगतलं, रंभाच्या टोपलीतली कोणाले बाधत नाई. पोरीनं बाहेरचं काई खाल्लं असन. दे अर्धा किलो."

आणि मी दिली, निकेश. त्याच टोपलीतली.

इथपर्यंत सगळं तुझ्यावर ढकलत आले. आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. बर्फातली मासोळी पांढरी पडते, लोक ओळखतात. म्हणून मी बाजाराच्या सकाळी तलावावर जाऊन शेवाळ काढायची आणि तलावाची वाटावी म्हणून एकेका मासोळीला ते हातानं चोळायची. हे तू मला सांगितलं नव्हतंस. तुला अजूनही माहीत नाही. ते माझ्याच डोक्यातून निघालं, आणि चांगलं जमलं म्हणून मला त्या दिवशी बरंही वाटलं होतं. तुझा राग येतो तेव्हा मला माझे हात दिसतात, आणि मग तुझा राग आणखी येतो.

परवाच्या बाजारी तुझी सगळी खेप मी पळसाच्या पानांवर मांडली. टोपली उलटी करून बाजूला ठेवली. बायका आल्या, पानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. रुखमाबाईला मी तोंडानं सांगितलं, शेवाळासकट. तिनं हातातली मासोळी खाली ठेवली आणि पदराला हात पुसला. "तुह्या मायनं नसतं केलं," एवढंच म्हणाली.

मासोळी तशीच उरली. ती मी पुरली. यापुढे तुझी गाडी माझ्या दाराशी थांबवू नकोस.

बोर्डावरचं माझं नाव आणि तोंड काढून टाक. नाही काढलंस तर उद्घाटनाला मी नक्की येईन. फीत कापायला नाही. पळसाची पानं घेऊन येईन आणि त्या फोटोवर खिळ्यानं ठोकेन, पुनमच्या माहेरच्यांसमोर. बाजारातल्या निम्म्या बायकांना तुझा बोर्ड वाचता येत नाही. पान सगळ्यांना वाचता येतं.

आता टोपलीतली नव्हे, पानावरची,
रंभा