भिंतीला पाठ

अण्णा, परवा गेटवर सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, "वॉचमन आहेस का वाकलेला खांब? सोमवारपर्यंत ताठ उभा राहा, नाहीतर दुसरा माणूस बघतो." तेव्हापासून रूमवर उभं राहून बघतोय. मोबाईलमध्ये दाखवतात, टाचा, कंबरेखालचा भाग, पाठ, डोकं, सगळं भिंतीला लागलं तर माणूस सरळ. माझ्या टाचा लागतात. पाठ मीच लावत नाही, दोन बोटं आधी थांबतो. रूममधला जोडीदार लोहा गावचा आहे, तो हसतो. "टेक की लेका, भिंत काय खाती का तुला?"

त्याला काय सांगू? भूकंपात आजी भिंतीखाली गेली, तुम्हाला त्याच ढिगातून काढलं. मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आपल्या घरात जेवतानासुद्धा कुणी टेकून बसलं नाही. मी जरा मागं कललो की तुमचा आवाज येतो, "पुढं सरक." आई अंथरूणही खोलीच्या मधोमध टाकायची. अन् तुम्ही स्वतः गवंडी, लातुरात क्लासच्या पोरांची होस्टेलं बांधणारे. एकदा मला कामावर नेलंत. नव्या भिंतीला ओळंबा सोडलात, दोरीच्या टोकाचं वजन हलायचं थांबेपर्यंत बघत राहिलात.

"सरळ हाय का, अण्णा?"

"हाय."

"मंग टेकू?"

"न्हाई."

बाजूचा मिस्त्री म्हणाला, "बांधणाराच टेकंना, मंग पोरांनी झोपावं कसं हितं?" सगळे हसले. तुम्ही दोरी गुंडाळत राहिलात.

शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले, भिंतीला टेकवून बसवा, दम कमी लागेल. तुम्ही मानेनंच नाही म्हणालात. मग आई तुमच्या मागं बसली अन् तुम्ही तिला टेकलात. तुम्ही गेलात, शाळा सुटली, गाव सुटलं. ही सवय तेवढी सुटली नाही.

आज जोडीदार ड्युटीला गेल्यावर खिळ्याला दोरा बांधला, खाली नट लटकवला अन् आधी भिंत तपासली. सरळ निघाली. मग टाचा लावल्या, पाठ लावली. डोकं लावायला लई वेळ गेला. पलीकडच्या घरात मिक्सर चालू झाला, त्याची थरथर पाठीत आली, पाय दाराकडं धावू बघत होते. तरी हललो नाही. मिक्सर बंद झाला. भिंत गार होती. ताठ झालो का नाही ते बघायचं राहूनच गेलं, नुसता टेकून उभा राहिलो.

बरं वाटलं, अण्णा. तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगितलं नसतं.