आधी काम, मग भाकरी

पिंपळनेर,
ता. १२ जानेवारी १९३४

चि. प्रमिला हिस अभिमनभाऊचे अनेक आशीर्वाद. वि. वि. प्रभूकृपेने आम्ही उभयता खुशाल आहोत. तुझे जळगावच्या दवाखान्यातले सुइणीचे काम कसे चालले आहे ते कळव.

इकडची ताजी बातमी म्हणजे गेल्या रविवारी मी आळसावर उपदेश केला. ज्याला काम नको त्याने जेवायलाही बसू नये, ही प्रेषित पौलाची शिकवण मी एवढ्या जोराने मांडली की म्हातारी भिकुबाईसुद्धा शेवटपर्यंत जागी राहिली. कारण झाला झिपरू. हा गडी आमच्या उपासनामंदिराच्या पायरीवर पडून असतो. हातपाय धडधाकट, छाती बैलासारखी, आणि आवाज असा की पायरीवर भीक मागितली तर बाजारात ऐकू जाते. मी आळसावर बोलत होतो तेव्हा तो बाहेर घोरत होता, आणि मंडळी ते घोरणे ऐकून माना डोलवत होती.

उपासनेनंतर सर्वांनी ठरवले की आधी काम, मग भाकरी. मी झिपरूला विहिरीवरून पाणी आणून पिंप भरायला सांगितले. त्याने पिंपाकडे पाहिले, विहिरीकडे पाहिले, पाठ दुखते म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

वाईट एवढेच की दुसऱ्याच दिवशी तुझ्या कुंदावहिनीने मागच्या दाराने त्याला भाकरी दिली, आणि तिला ती देताना आमच्या मंडळीतल्या धनसिंगने पाहिले. उपदेशकाच्याच घरात नियम मोडला, म्हणून बुधवारच्या प्रार्थनेला मला कुंदाला सगळ्यांसमोर बोलावे लागले.  आता ती काही दिवस तुझ्याकडे यायचे म्हणते. मी हो म्हटले. माझी काळजी करू नकोस. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे काही मोठे काम नव्हे.

प्रभू तुला सुखी राखो. पत्राला आळस करू नये.

तुझा, अभिमनभाऊ


जळगाव,
ता. २२ जानेवारी १९३४

ति. अभिमनभाऊ यांस प्रमिलाचा सा. न. वि. वि. वहिनी सुखरूप पोचल्या.

तुझा उपदेश वाचून धन्य झाले. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, हे तू सांगितले असशीलच. तू काय शिवतोस ते मात्र कळव. लहानपणी सोनगीरला आईने घागर दाखवली की कोणाचे पोट दुखायचे, हेही मंडळीला एकदा सांग. झिपरूची पाठ दुखते म्हणून मला त्याच्याबद्दल उगीच माया वाटू लागली आहे, घरचा माणूस असल्यासारखी.

मला तुझ्याएवढे शास्त्र येत नाही. पण मी रोज बाळे जन्माला येताना पाहते, आणि एकही बाळ काम करून दूध मागत नाही. आल्याआल्या ओरडते, आणि आपण देतो. मागेल त्याला दे, असे खुद्द प्रभूने सांगितले, तेव्हा पाठ तपासून दे असे म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. तुझ्याकडच्या शास्त्रात असेल तर पान कळव.

आता जे लिहिते ते थट्टेत घेऊ नकोस. पहिल्या सकाळी मी वहिनींच्या हातात चहाचा कप दिला तर त्या रडू लागल्या. लग्न झाल्यापासून चहा कोणी हातात दिला नव्हता म्हणाल्या. मग म्हणाल्या की काम झाल्याशिवाय मी कधी जेवले नाही, पण काम झाल्यावर जेवलीस का, हे कोणी विचारले नाही. आणि एका भाकरीपायी चारचौघांत उभे केले. परत कधी जाणार हे त्या बोलत नाहीत. मी विचारत नाही.

धाकट्या बहिणीचे बोलणे पोटात घालावे, आणि पोटात दुसरेही काही घालत जावे.

तुझी, प्रमिला


पिंपळनेर,
ता. ८ फेब्रुवारी १९३४

चि. प्रमिला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. कुंदाबद्दल वाचले. आता इकडचे लिहितो.

एका माणसाचा स्वयंपाक हे मोठे काम आहे. माझे पिठले भाकरीसारखे झाले आणि भाकरी पिठल्यासारखी. म्हणून मी जेवणाच्या सुमारास मंडळीच्या घरी भेटी द्यायला निघालो. भिकुबाईने पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि हात जोडून विचारले की भाऊंनी आज काय काम केले. उपदेशाची तयारी केली, असे मी सांगितले. ते तर बसूनच होते, असे ती म्हणाली, आणि मिरच्या कांडायच्या राहिल्या आहेत म्हणून मुसळ दाखवले. मी कांडल्या. डोळ्यांतून एवढे पाणी आले की तिला वाटले मला पश्चात्ताप झाला. पुढे धनसिंगकडे गेलो, तर त्याने गोठा दाखवला. कोणी हसले नाही. सगळ्यांच्या तोंडी माझेच शब्द होते, तेच जास्त लागले.

गोठा झाडून आलो आणि ताप भरला. मंडळीला वाटले भाऊ धुळ्याला गेले, म्हणून कोणी फिरकले नाही. घरात पाणी संपले आणि मला उठवेना. खरे सांगतो प्रमिला, भीती वाटली. तेवढ्यात मागच्या दाराशी कोणी खाकरले. झिपरू होता, तुझी वहिनी आली का ते पाहायला आला होता. मला पाहून आल्या पावली निघून गेला. मला वाटले, गेलाच. तो विहिरीवरून पाणी घेऊन आला. मग झोळीतली भाकरी ताकात कुस्करून माझ्यापुढे ठेवली. कोणाच्या घरची, असे मी विचारले. तो हसून म्हणाला की बठ्ठा गावनी शे, खाई ल्या. सगळ्या गावाची भाकरी माझ्या पुढ्यात. त्या दिवशी मी काडीचे काम केले नव्हते, आणि त्याने विचारलेही नाही. मी भिकेची भाकरी खाल्ली. ताप उतरेपर्यंत तो येत राहिला.

बरा झाल्यावर मला वाटले, माणूस सुधारला. मोठ्या आशेने पिंप भरायला सांगितले. पाठ दुखते म्हणाला आणि पायरीवर जाऊन झोपला. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

प्रकृतीची चिंता नको. थट्टा केलीस तरी चालेल, पण पत्र लवकर पाठव.

तुझा, अभिमनभाऊ


जळगाव,
ता. १४ फेब्रुवारी १९३४

ति. अभिमनभाऊ यांस सा. न. वि. वि. तुझे पत्र मी मोठ्याने वाचले. मिरच्यांचे ऐकून वहिनी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. इकडे येताना लॉरीत बसण्याआधी त्या भिकुबाईला आणि धनसिंगला एवढेच सांगून आल्या होत्या की नियम सगळ्यांना सारखा लावा. तापापर्यंत आले तेव्हा त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतले आणि स्वतः वाचले. दोनदा वाचले. मग म्हणाल्या की यात मला काय लिहिले आहे.

भाऊ, बहिणीला एवढे लांबलचक पत्र, आणि बायकोला एक ओळ नाही. ती ओळ तुझ्या वतीने मी लिहिली असती, पण माझी पाठ दुखते.

राग नसावा, आणि असला तर मिरच्यांवर काढावा.

तुझी, प्रमिला


पिंपळनेर,
ता. १९ फेब्रुवारी १९३४

प्रिय कुंदा हिस प्रभूमध्ये सलाम. तुला पत्र लिहायची वेळ मला आजवर आली नाही, कारण तू कधी कुठे गेलीच नाहीस. त्यामुळे सुरुवात कशी करायची तेही नीट येत नाही.

काल उपासनेत सगळ्यांसमोर सांगितले की तुला मी ज्या जागी उभे केले, तिथे मीच उभा राहायला हवा होतो. तापातली हकिगतही सांगितली. धनसिंगने विचारले की मग आता नियम काय. मी म्हटले, आधी भाकरी, मग कामाचे विचारावे, आणि नाही म्हणाला तरी भाकरी परत मागू नये. आळस वाईटच आहे, हे मी अजूनही म्हणतो. पण भुकेल्या माणसाला ते सांगायला मी आता तयार नाही. भिकुबाई म्हणाली की एवढा छोटा उपदेश भाऊंनी पहिल्यांदाच केला.

मी रोज चूल पेटवतो. आता धूर थोडा कमी होतो. तू ये. काम पडले आहे म्हणून बोलावत नाही. जेवायला ये. मी वाढीन, आणि तू जेवल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही.

चुकले ते पदरात घ्यावे आणि मिळेल त्या लॉरीने निघावे.

तुझाच, अभिमन

ता. क. काल झिपरूला मी केलेली भाकरी दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, आणि मग विचारले की हिच्याऐवजी एखादे काम असेल का.