सोडवून घेतलेली लेक

आसगाव,
रविवार

प्रिय आई,

तुझा निरोप मिळाला. फोनबूथवाल्या श्रावणमामाने घरी येऊन सांगितला. “तुह्या आईनं म्हटलं, कुंताबाई तं गेली, आता पोरीचं तिथं काय काम हाय, तिले गाडीत बसवून द्या.” मी येणार आहे, पण लगेच नाही. का, ते फोनवर सांगता आलं नसतं, कारण बूथवर अर्धं आसगाव कान टवकारून उभं असतं. म्हणून लिहिते आहे. तुला एकेक शब्द लावून वाचावा लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. धाकट्या सुगतला वाचायला देऊ नकोस. तो अर्धं गाळेल आणि उरलेल्याची थट्टा करील.

तू मला लहानपणी सांगितलेली गोष्ट आज मीच तुला सांगते, कारण तू तिचा शेवट वेगळाच धरून बसली आहेस. माझ्याआधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. मी झाले तेव्हा तू कोणाचंच ऐकलं नाहीस. धम्म घेतलेल्या घरात असलं खूळ चालायचं नाही, असं म्हणून बाबा रागाने विहारात जाऊन बसले, तरी तू मला सुपात घातलंस, समोरच्या कुंताबाईच्या दारात नेलंस आणि टोपलीभर कोंड्यावर तिला विकलंस. लेकरू दुसऱ्याचं झालं की मरणाला ते सापडत नाही, एवढीच त्यातली समजूत. वाढायचं आपल्याच घरी, पण म्हणवायचं तिचं. मग लग्न ठरलं की आईने कोंडा परत देऊन, वर एक लुगडं देऊन लेकीला सोडवायचं. कुंताबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला, आणि जात आपल्याहून वेगळी. तिचे दीर पुंडलिकराव साक्षीला उभे राहिले. ज्यांच्या विहिरीवर आजीला पाणी कोणी वाढेपर्यंत लांब उभं राहावं लागायचं, त्यांना हे कसं चाललं याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. त्यांच्या लेखी तो एक तोडगा होता. तिने मात्र मला खरंच घेतलं होतं.

शाळेत पोरं मला कोंड्याची पोर म्हणायची. मी रडत यायचे तेव्हा तू म्हणायचीस, अगं, म्हणायला फक्त, तू माझीच आहेस. आणि कुंताबाई पोरांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना अशा काही शिव्या घालून यायची की आठवडाभर आळी शांत असायची. तुला आई म्हणायचं आणि तिला माय, हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. आपल्या घरी वंदना म्हणायची, तिच्या घरी तुळशीपाशी दिवा लावायचा, आणि दोन्हीकडे जेवायचं. लहान होते तोवर यात काही अडचण नव्हती. दोन घरं म्हणजे दोनदा खाऊ, एवढंच मला कळत होतं.

अडचण झाली ती पाळी आली तेव्हा. तू धानाच्या रोवणीला गेलेली, चिखलात कंबरेतून वाकलेली, आणि मी घाबरून मायकडे पळाले. तिने पोटाशी धरलं, जुनं लुगडं फाडून दिलं, गूळ घालून चहा पाजला, आणि मग म्हणाली, आता पाण्याच्या गुंडाला, म्हणजे त्या पितळी घागरीला, हात लावू नको. मी तोऱ्यात म्हटलं, आमच्या घरी असलं पाळत नाहीत. ती म्हणाली, “तुमच्या घरी म्हंजे कोन्त्या? तू तं माहीच हायस ना?” पाळी होती तोवर तिची लेक म्हणून मी कोपऱ्यात बसले आणि संपल्यावर तुझी लेक म्हणून तिच्याशी कडाकडा भांडले. पुढच्या वेळी तिने काहीच सांगितलं नाही. गुंड मुकाट्याने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “भर. माह्यानं उचलत नाही आता.” तिला चांगलं उचलवत होतं, आई. तेव्हा ती चांगली धडधाकट होती.

बाबांना खाणीवर काम मिळालं आणि तुम्ही नाकाडोंगरीला गेलात. मी दहावीपुरती म्हणून मायकडे राहिले, मग बारावी झाली, पवनीला डी.एड. सुरू झालं तरी राहिलेच. तुला याचं वाईट वाटायचं, मला कळायचं. दिवाळीला आले की तू मला पाहुणीसारखी वाढायचीस आणि मी कुठल्या डब्यात काय आहे ते विचारायचे. मी नेमकी कोण, हे त्या दिवसांत मला सतत टोचायचं. वर्गातल्या मुली आडनाव, गाव, देव एका दमात सांगायच्या. मला दर वेळी थोडं थांबावं लागायचं. पण संध्याकाळी उशीर झाला की माय नाक्यावर येऊन उभी असायची आणि सगळ्यांदेखत ओरडायची, “कोठं मेली होतीस वो?” तेवढ्यापुरतं मला ठाऊक असायचं मी कोण ते.

मग सिहोऱ्याच्या अनुपचं स्थळ आलं, तुम्हाला आवडलं, मलाही आवडलं. आणि तू सूप, कोंडा आणि हिरवं लुगडं घेऊन आलीस. किती हौसेने आली होतीस! मायने पुरी आळी बोलावली. पुंडलिकराव पुन्हा साक्षीला. तिने कोंडा घेतला, लुगडं कपाळाला लावलं, माझा हात तुझ्या हातात दिला आणि हसली. तू मला इतकं घट्ट धरलंस की बांगडी रुतली. तुझ्या अंगातली सगळी भीती त्या दिवशी निघून गेली, मी पाहिली आहे जाताना. म्हणून पुढचं तुला आजवर सांगितलं नाही.

डी.एड. संपायचं होतं म्हणून मी मायकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासायला बसले, तर माय धावत आली आणि राख माझ्या हातातून काढून घेतली. “पाहुनीनं भांडे घासू नाही.” मला वाटलं चेष्टा करते. चेष्टा नव्हती. त्या दिवसापासून तिने मला आधी वाढलं आणि मागून स्वतः घेतलं. मी उशिरा आले तर नाक्यावर कोणी नसायचं. घरी आले की पाट मांडून विचारायची, बरं आहे ना पोरी? तिने मला रागावणं सोडलं, आई. दिलेली वस्तू पुन्हा आपली म्हणायची नाही, एवढी ती सरळ होती. मी पाया पडले, भांडले, तरी ऐकेना. दम्याने उठवत नव्हतं तेव्हाही माझ्याकडून पाणी घेताना म्हणायची, तुझ्या आईला काय वाटेल, लेकीला राबवते म्हणून.

बुधवारी सकाळी ती गेली. अंगणात तिला आंघोळ घालत होते, मी तांब्या घेतला. पुंडलिकरावांच्या बायकोने, कलाबाईंनी, तो काढून घेतला. “तुह्या आईनं तुले सोडवून नेलं ना वो? मंग तू इची कोन लागतेस? बाजूले हो.” मी पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते खाली मान घालून म्हणाले, “सोडवनूक झाली पोरी. आता तुहा हक्क नाही.” खरं कारण ते जुनं, विहिरीवरचंच होतं, ते त्यांनाही ठाऊक आणि मलाही. पण साऱ्या आळीसमोर मी तिची झाले होते, म्हणून इतकी वर्षं ते त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं. आता न बोलताच त्यांचं भागलं. मी कुंपणाशी उभी राहिले. जिच्याशी वर्षानुवर्षं बोलल्या नव्हत्या तिच्यासाठी बायका गळा काढून रडत होत्या. मला रडू येईना. कोण म्हणून रडू, तेच कळेना. अजूनही आलेलं नाही.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तू आई आहेस, तू तेच करणार. पण तेरवीला तू ये. आळी जमेल, पुंडलिकराव असतील. त्यांच्यादेखत मला पुन्हा एकदा विक. तिलाच. देणंघेणं काही नको, घ्यायला तिचे हातही नाहीत. तू फक्त तोंडाने म्हण, की मी सोडवणूक मोडली, पोरगी कुंताबाईची आहे. दोन लेकरं मातीत ठेवलेली तू, गेलेल्या बाईच्या पदरात तिसरं टाकायचं म्हटलं की तुझं काळीज थरथरेल, हे मला कळत का नाही? तरी मागते आहे, कारण हे दुसऱ्या कोणाला देताच येत नाही. मी कुठे जात नाही गं. लग्न होईल, सिहोऱ्याला नांदेन, माहेरपणाला तुझ्याच दारी येईन. मला फक्त एकदा तिची लेक म्हणून रडू दे.

तुझीच,
तृप्ती