सरकारला लागणारे भोंगे

४ डिसेंबर १९७१, शनिवार. सकाळी.
लढाई सुरू झाली. रेडिओवर ऐकलं. तुमसरच्या राईस मिलमध्ये एकवीस वर्षं हेड फिटर, म्हणजे इंडस्ट्रीतला तज्ज्ञ मीच. सरकारला आता माझा सल्ला लागणार. घाबरलो अजिबात नाही. घरामागे सांदवाडीत, म्हणजे परसात, खंदक खोदायला घेतला, तो केवळ नमुना म्हणून. बायकोनं, देवकानं, विचारलं, येवढा खड्डा कायले खोदून राहिले? भोपळ्याचा वेल लावतो, म्हटलं.

६ डिसेंबर.
रिपोर्ट लिहिला : ‘येत्या दहा वर्षांत सरकारला लागणारी सुरक्षा यंत्रं’. एक, गावोगाव भोंगा. दोन, तो बिघडला तर दुसरा भोंगा. तिसरं सुचणार तेवढ्यात वर घरघर झाली. खंदकात उडी. रस्त्यावरून ट्रक गेला होता. खंदक दोन फूट आणखी खोल केला.

८ डिसेंबर.
नायब तहसीलदारसाहेबांना रिपोर्ट दिला. करून दाखवा म्हणाले. ठरलं : रविवारी दहाला मिलचा भोंगा तीनदा वाजवायचा. ऐकताच लोक मिलपासून लांब पांगतील, कारण विमानाचा पहिला डोळा आमच्या चिमणीवर. मालक भय्याजी म्हणाले, पण लोकांले सांगतलं का? भोंगा स्वतःच सांगतो, म्हटलं. टेक्निकल गोष्टी मालक लोकांना कळत नाहीत.

११ डिसेंबर.
जेवण जात नाही. दुपारीच गोधडीत शिरलो. थंडी फार आहे यंदा. निश्चय : उद्या साहेबांच्या शेजारी छाती काढून उभं राहायचं.

१२ डिसेंबर, रविवार. दुपारी.
साडेनऊला निघालो. बाजारात पोचतो न पोचतो तोच भोंगा! दहा वाजले नव्हते, म्हणजे हा खरा. मागच्या गल्लीनं धावत आलो, थेट खंदकात. देवका आठवली नाही. हे इथं लिहितो, दुसरीकडे कुठं लिहिणार.
तासभरानं शेजाऱ्याकडून कळलं. साहेब लवकर आले म्हणून मिलच्या भोंग्यावरच्या सोमाजीनं तो आधीच वाजवला. आणि हंगामात तीन भोंगे म्हणजे धानाच्या थप्पीला आग, बादल्या घेऊन मिलवर या. हा नियम मीच बसवला होता, साठ साली. सगळा तुमसर धावून चिमणीखाली जमला. बादल्यांच्या पाण्यानं साहेब चिंब. म्हणाले, सरकारला भोंगे नकोत, ही माणसं पुरे. मग विचारलं म्हणे, तज्ज्ञ कुठं आहेत?

त्याच दिवशी. संध्याकाळी.
दुपारी लिहायचं राहिलं. देवका ओल्या लुगड्यानं परत आली तेव्हा मी खंदकातून बाहेर निघत होतो. चिडून विचारलं, आगीकडे धावली, भेव नाही वाटलं?
वाटलं ना, म्हणाली. तुमी मिलमंदी असान असं वाटलं, म्हनून तं गेली.
रिकामी बादली तिनं खंदकाच्या काठावर ठेवली. मग भोपळ्याचं बी मागायला शेजारी गेली.