शेवटचं हातभर अंतर

ता. ४ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

अपघाताला नऊ आठवडे झाले आणि तू अजून पडदे ओढून खोलीत बसतेस, हे मला तुझ्या आईच्या पत्रातून कळावं याचा राग आला आहे. तो आधी नोंदवते आणि पुढे जाते. फोनवर बोललं की तुझे कान भणभणतात, मोबाइलकडे पाहिलं की कपाळ ठणकतं, म्हणून जाड पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. एका बैठकीत वाचू नकोस.

कंपनीच्या बसला मागून ट्रक धडकतो, तुझी मान पुढे-मागे झटकते, डोकं खिडकीवर आपटतं, आणि तू घरी येऊन सांगतेस की जरासा धक्का बसला! मेंदूला मार बसलाय हे तुझ्या आईला डॉक्टरांकडून कळावं? लहानपणी गुडघा फोडून घेतलास तरी मोजा वर ओढून हसत यायचीस. आता तू चौतीस वर्षांची आहेस. मोजे पुरत नाहीत.

आणि आता म्हणे मणके बसवून घ्यायला कोणा कायरोप्रॅक्टरकडे जाणार. तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला विचारशील, तर मान म्हणजे काही बरणीचं झाकण नव्हे, पिळून सैल करायला. डॉक्टरांना विचारलं आहेस का? लेखी उत्तर हवं.

माझा लोभ आहेच, त्याशिवाय का एवढी ओरडते?
तुझी मावशी

ता. १२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस पुरवून पुरवून वाचलं. मोज्यांचा परिच्छेद आईने स्वतःहून मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे ओरडा दोघींकडून मिळाला.

डॉक्टरांना विचारलं. स्कॅनमध्ये काही नाही, बाकीचं हळूहळू जाईल, आणि मानेला झटके देणार नसतील तर जाऊन बघायला हरकत नाही, असं ते म्हणाले.

कायरोप्रॅक्टर बाई पन्नाशीच्या आहेत. खोलीत एक उंच बाक, त्यावर कागदाची गुंडाळी, भिंतीवर घड्याळ, बस. पहिल्या दिवशी त्यांनी मला हातही लावला नाही. सगळे रिपोर्ट वाचले, हाताला मुंग्या येतात का, एकाचं दोन दिसतं का विचारलं, पेन्सिल फिरवून डोळे पाहिले. कडाकड आवाज ऐकायचे असतील तर दुसरीकडे जा म्हणाल्या. हातपाय बधिर झाले किंवा उलट्या सुरू झाल्या तर माझी वेळ घेत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, असंही बजावलं. तुमचं दोघींचं जमेल.

दुसऱ्या खेपेला उताणं झोपवून कवटीच्या खाली नुसती बोटं टेकवून बसल्या. पिकलेला टोमॅटो चाचपतात ना, तेवढाच दाब. मग पेनासारख्या एका यंत्राने मणक्यांपाशी चार वेळा टकटक. घरी करायला व्यायाम दिला: अंगठ्यावर नजर रोखून डोकं सावकाश वळवायचं. परवा दात घासताना मान आपोआप वळली, मी टॉवेल ओढला, तोंड पुसलं, आणि मग लक्षात आलं की दुखलं नाही. टॉवेल धरून बेसिनपाशी वेड्यासारखी उभी राहिले.

२८ तारखेला कामावर क्रेन चालवण्याची चाचणी आहे. तू माझी केबिन पाहिलेली नाहीस. चार मजले उंच शेडच्या छपराखाली क्रेन धावते, तिला ही केबिन टांगलेली, आणि तिचा तळ काचेचा. वीस टनांचं लोखंडी पत्र्याचं भेंडोळं खाली आणताना बराच वेळ समोरच्या काचेतून भागतं, पण शेवटचं हातभर अंतर आपल्याच दोन पायांमधून सरळ खाली बघून उतरवावं लागतं. खाली सिग्नलवाले काका आणि त्यांची चार माणसं असतात. चाचणीत नापास झाले तर केबिन दुसऱ्या कोणाला देतील. ती मिळवून मला सात वर्षं झाली, मावशी. खाली बघताना अजून थोडं गरगरतं, पण होईल.

लोभ आहे तेवढाच राहू दे, ओरडणं निम्मं कर.
तुझी टिल्ली

ता. १८ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

तुझ्या बाईंना मी माफ केलं आहे. आधी रिपोर्ट वाचणारं माणूस मला आवडतं. पण बरं वाटतंय ते बोटांनी, व्यायामाने की नुसते दहा आठवडे उलटल्याने, हे तू सांगू शकणार नाहीस, मीही नाही. एकदम तीन गोष्टी बदलल्या की श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही, हे मी पहिल्याच तासाला शिकवायचे. आराम पडतोय ना, मग जात राहा.

मला वेगळंच खुपतं आहे. टॉवेलवर तू पाऊण परिच्छेद लिहिलास आणि गरगरण्यावर अर्धं वाक्य. थोडं म्हणजे किती? चाचणी पुढे ढकलता येते का ते विचार. बाईंनाही विचार, आणि त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं कळव.

लोभ निम्मा होणार नाही, ओरडणंही नाही.
तुझी मावशी

ता. ३० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बाईंना विचारलं होतं. मान खूपच सुटली आहे, पण डोकं वाकवल्यावर नजर अजून स्थिर राहत नाही, महिनाभर तरी वर चढू नका, असं त्या म्हणाल्या. ते तुला मुद्दामच कळवलं नाही. चाचणी पुढे ढकला असंही मी कोणाला म्हटलं नाही.

मी चाचणी पास झाले. भेंडोळं खुणेच्या पट्टीवर बरोबर टेकलं. साहेबांनी खालूनच अंगठा दाखवला, दुपारी सगळ्यांना चहा पाजला, आणि सहा तारखेपासून नेहमीच्या पाळीवर ये म्हणाले. आई दोन दिवस शेजारणींना सांगत फिरते आहे.

आता खरं सांगते. मी खाली पाहिलंच नाही. एकदा पाहिलं तर अख्खी शेड पायाखालून सरकली, म्हणून डोकं वर केलं, समोरच्या खांबावर नजर रोखली आणि शेवटचं हातभर अंतर रेडिओवर काकांच्या आवाजावर उतरवलं. ते आकडे मोजत होते, मी दांडा सोडत होते. सात वर्षांची सवय म्हणून ते जागेवर बसलं. कोणालाही कळलं नाही. नजर सुधारतेच आहे, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगते. आणि भेंडोळ्याच्या कडेला क्रेनची पकड सरळ करणारा त्या काकांचा हात आठवतो.

तू रागावशील. रागाव, पण उत्तर लगेच धाड.
तुझी टिल्ली

ता. १ एप्रिल

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

रागावले नाही, म्हणून पत्र छोटं होईल.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला मागच्या बाकांवरचं ऐकू येत नव्हतं. मुलांनी शंका विचारली की मी त्यांच्या ओठांवरून अंदाज बांधून उत्तर द्यायचे, आणि ठामपणे द्यायचे. कितींना भलतंच शिकवलं असेल, देव जाणे. निवृत्ती एक वर्ष लांबली म्हणून मी खूश होते. हे आजवर तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. माझ्या वर्गात कोणाच्या डोक्यावर लोखंड टांगलेलं नव्हतं, एवढ्यावरच मी निभावले.

केबिन गेली तर तुला किती लागेल ते मला कळतं. तरी सहा तारखेला शिडी चढण्याआधी साहेबांना सांग. तुझ्या वतीने मी त्यांना लिहिणार नाही. ते तुलाच करावं लागेल.

लोभ कशानेही कमी होत नाही, एवढं लक्षात ठेवून जा.
तुझी मावशी

ता. ८ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सहा तारखेला भोंग्याच्या अर्धा तास आधी साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी आधी टेबलावरचा पंखा बंद केला. मग भडकले. माझ्या चहाचे पैसे परत कर म्हणाले, आणि त्यात गंमत अजिबात नव्हती. शेवटी दोन महिने स्टोअरमध्ये बसायला सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावर पुन्हा चाचणी घेऊ म्हणाले. तोवर केबिन दुसऱ्याकडे. परत मिळेल की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाईंकडे जाणं चालूच ठेवलं आहे.

तिथून निघाले ती काकांना सांगायला. त्यांची जागा शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, पण ते माझ्या शिडीपाशी उभे, एक हात कठड्यावर. मी सांगू लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. म्हणाले की सात वर्षं भेंडोळं टेकताना ते वर बघतात, तेव्हा काचेतून माझे बूट आणि बुटांमध्ये माझं तोंड दिसतं. चाचणीच्या दिवशी नुसते बूट दिसले. आकडे मोजता मोजताच त्यांनी चारही माणसांना हाताने मागे सारलं. पकड धरायला कोणीतरी लागतंच, म्हणून स्वतः तिथे राहिले.

मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. पोरी, तू सांगतेस का याची आठ दिवस वाट पाहिली, आज शिडीला हात लावला असतास तर चढू दिलं नसतं, असं म्हणाले. साहेबांना सांगून आलेय, असं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, कठड्यावरचा हात काढला आणि आपल्या जागेवर निघून गेले.

लोभ असाच राहू दे, मावशी. त्याची गरज आहे.
तुझी टिल्ली